चर्चला जाता न आल्यास ख्रिस्ती सण घरी कसे पाळावेत

रविवारी आणि मोठ्या सणांच्या दिवशी मिस्साला हजर राहणे हे कॅथोलिक ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य मानले जाते. पण कर्तव्य सांगणाऱ्या कायद्यानेच अडचणीची सोयही करून ठेवली आहे, आणि ही सोय बहुतेकांना ठाऊक नसते. 1983 साली लागू झालेल्या कॅनन लॉमधील 1247 क्रमांकाचे कलम मिस्साचे बंधन सांगते. त्याला लागूनच असलेले 1248 क्रमांकाचे कलम म्हणते की, धर्मगुरू उपलब्ध नसेल किंवा तसेच गंभीर कारण असेल आणि मिस्साला जाणे अशक्य होईल, तेव्हा भाविकांनी एकट्याने, कुटुंबासह किंवा काही कुटुंबांनी एकत्र येऊन योग्य तेवढा वेळ प्रार्थनेत घालवावा. जवळच्या चर्चमध्ये फक्त वचनाची उपासना होत असेल, तर तिला जावे. म्हणजे घरी पाळलेला सण ही नियमाला दिलेली बगल नव्हे, नियमाचाच भाग आहे.

रायगड जिल्ह्यातील उरणसारख्या ठिकाणी ‘गंभीर कारण’ शोधायला लांब जावे लागत नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 पासून अहोरात्र चालते. तेथील कामगार, ओएनजीसीच्या प्रकल्पातले तंत्रज्ञ, कंटेनरवरचे चालक आणि रुग्णालयातल्या परिचारिका यांची पाळी नाताळ किंवा ईस्टर पाहून बदलत नाही. बंदरात लागलेल्या जहाजावरचा खलाशी कधीकधी किनारा डोळ्यांसमोर असूनही उतरू शकत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर विसंबलेल्यांना ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंदच. घारापुरीला तर होडीवाचून पर्याय नाही. याखेरीज अंथरुणाला खिळलेले आजारी, त्यांची सेवा करणारे घरचे लोक, तान्ह्या मुलाची आई, गुडघ्यांनी असहकार पुकारलेले आजी-आजोबा, हे तर प्रत्येक पॅरिशमध्ये असतात. कॅथोलिक चर्चची धर्मशिक्षणाची संहिता आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल ही दोन कारणे नाव घेऊन सांगते. आळस, पाहुणे आणि क्रिकेटचा सामना ही कारणे तिथे नाहीत.

घरी सण पाळायचे ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे आदल्या संध्याकाळची मिस्सा. रविवारचे किंवा सणाचे कर्तव्य आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सानेही पूर्ण होते. रविवारी सकाळी पाळी असलेल्याला शनिवारची संध्याकाळ मोकळी असू शकते. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच वेळी अटल सेतूही खुला झाला. त्यामुळे नेरूळ, बेलापूर किंवा मुंबईतील चर्चच्या वेळाही आता हिशेबात धरता येतात. दुसरी गोष्ट सवलतीची. पॅरिशच्या धर्मगुरूंना योग्य कारणासाठी एखाद्या भाविकाला या बंधनातून मोकळे करण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे पुण्यकर्म नेमून देण्याचा अधिकार आहे. जो कामगार महिनोन्‌महिने रविवारी अडकलेला असतो, त्याने दर रविवारी मनाला टोचणी लावून घेण्यापेक्षा एकदा फादरांशी बोलून घ्यावे.

सक्तीच्या सणांची यादीही नीट माहीत असावी. कॅनन लॉमध्ये रविवारांखेरीज असे दहा सण दिले आहेत: नाताळ, प्रकटीकरण, स्वर्गारोहण, ख्रिस्तशरीराचा सण, 1 जानेवारीचा देवमाता मरियेचा सण, तिचे निष्कलंक गर्भसंभवन आणि स्वर्गोन्नयन, संत जोसेफ, संत पीटर व पॉल आणि सकल संतांचा दिवस. मात्र देशोदेशीच्या बिशप परिषदांना व्हॅटिकनच्या संमतीने यातील काही सणांची सक्ती काढून टाकण्याची किंवा ते रविवारी ढकलण्याची मुभा आहे. त्यामुळे परदेशात छापलेल्या कॅलेंडरवर भरवसा ठेवू नये. आपल्या पॅरिशच्या सूचनाफलकावर किंवा पत्रकात काय लिहिले आहे तेच खरे. उरणसह रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये येतो, तेव्हा मुंबईचे कॅलेंडर येथे चालते.

आता घरी काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार फक्त अभिषिक्त धर्मगुरूला आहे. घरातल्या कर्त्या माणसाने पाव आणि द्राक्षरस समोर ठेवून मिस्साचे शब्द उच्चारले, तर ती मिस्सा होत नाही. उलट तो गंभीर अपराध ठरतो. फोनवरून पापनिवेदन होत नाही. या मर्यादा जाचक वाटतात खऱ्या, पण त्यांचा एक फायदाही आहे. चर्चमधल्या विधीची फिकी नक्कल करण्याचा मोह सुटला की घराला शोभणारी प्रार्थना उभी राहते. वचन वाचणे, स्तोत्र म्हणणे, गाणे, एकमेकांसाठी मागणे, जेवणाला आशीर्वाद देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, शेजाऱ्याला सणाचे ताट पाठवणे, हे सगळे घरात पूर्ण अर्थाने होते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आईवडिलांनी मुलांच्या कपाळावर क्रुसाची खूण करून त्यांना आशीर्वाद देणे ही तर फार जुनी रीत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला ‘घरातले चर्च’ म्हटले, ते उगीच नव्हे. रोममधील प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पॉल आपल्या पत्रात नमस्कार सांगतो; चर्चच्या इमारती त्यानंतर कितीतरी काळाने आल्या.

धर्मगुरूवाचून आणि चर्चवाचून श्रद्धा टिकवण्याची उदाहरणे इतिहासात आहेत आणि त्यांतले एक मराठीशी जोडलेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. ओवीबद्ध असल्याने ते मोठ्याने वाचता येई, ऐकून पाठही होई. मंगळूरकडच्या ख्रिस्ती समाजाला टिपू सुलतानाने 1784 ते 1799 या काळात श्रीरंगपट्टणला बंदिवासात ठेवले, तेव्हा याच पुराणाच्या वाचनाने त्यांची श्रद्धा तगली असे त्या समाजाची परंपरा सांगते. जपानमध्ये सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. दोनशेहून अधिक वर्षे तिथल्या लपलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी एकही धर्मगुरू नसताना बाप्तिस्मा, प्रार्थना आणि सणांचे कॅलेंडर पिढ्यानुपिढ्या जपले, आणि 1865 साली नागासाकीतल्या नव्या चर्चमध्ये येऊन त्यांनी तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला आपली ओळख दिली. रायगडच्या किनाऱ्यावर तर दुसऱ्या धर्मातला दाखला आहे. बेने इस्रायली यहुदी येथे अनेक शतके राहिले. घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत 1796 साली उभे राहिले. त्याआधी त्यांचा शब्बाथ घरातच पाळला जात होता. या तिन्ही समाजांकडे जे होते ते थोडेच होते: पाठ असलेले शब्द, ठरलेला दिवस आणि त्या दिवशी काम थांबवण्याची शिस्त. घरी सण पाळणाऱ्याला आजही एवढेच लागते.

पहिली गरज वेळेची. ‘जमेल तेव्हा प्रार्थना करू’ असे ठरवले की ती रात्री झोपेच्या पायरीवर होते किंवा होतच नाही. आपल्या चर्चमध्ये ज्या वेळी मिस्सा चालू असते, शक्यतो तीच वेळ घरीही धरावी. चर्चची घंटा ऐकू येणाऱ्या घरांना तर वेगळी आठवण लागत नाही. पाळीवरच्या माणसाने कामावर जाण्यापूर्वीचा अर्धा तास राखावा. जागेसाठी वेगळी खोली नको. बहुतेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर अल्तार असतोच. येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, मरियेची मूर्ती, दिवा. त्यासमोर एक छोटे टेबल, त्यावर पांढरे धुतलेले कापड, उघडलेले बायबल, क्रूस आणि मेणबत्ती एवढे पुरे. प्लॅस्टिकच्या फुलांवर वर्षभराची धूळ असेल, तर ती काढून अंगणातली जास्वंद किंवा मोगरा ठेवावा. दूरदर्शन संच त्याच भिंतीवर असेल तर तो बंद करावा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही हा उरणचा नेहमीचा अनुभव. काचेची चिमणी किंवा जाड पेला वापरावा.

क्रम असा ठेवता येतो. क्रुसाची खूण, एक गीत, थोडी शांतता आणि पश्चात्तापाची प्रार्थना. मग त्या दिवसाची वाचने: रविवारी आणि मोठ्या सणांना पहिले वाचन, स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान अशी चार. ती मनाने निवडू नयेत. कॅथोलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात आणि नवे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. त्या दिवसाची वाचने जगभर बहुतेक ठिकाणी एकच असतात. उरणच्या घरात आजी जे शुभवर्तमान वाचते तेच त्या रविवारी मनिलात आणि लिस्बनमध्ये वाचले जाते, आणि चर्चशी असलेला धागा इथे प्रत्यक्ष दिसतो. मराठी वाचनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ सोपे आहे. शुभवर्तमान उभे राहून ऐकावे, बाकीची वाचने बसून. एका माणसाने सगळे वाचू नये. शाळकरी मुलाला स्तोत्र द्यावे, अडखळला तरी चालेल. वाचनानंतर कोणी प्रवचन झोडण्याची गरज नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा मोह फार होतो आणि नेमकी तिथेच मुलांची प्रार्थनेवरची मर्जी उडते. प्रत्येकाने वाचनातला एक शब्द किंवा एक ओळ आपल्याला का भावली ते सांगितले तरी पुष्कळ झाले. मग विश्वासांगीकार, सर्वांसाठीच्या मागण्या, प्रभूची प्रार्थना, आत्मिक कम्युनियनची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद मागणारी प्रार्थना. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ हे धर्मगुरूचे वाक्य घरी म्हणायचे नाही. आशीर्वाद ‘आम्हांला लाभो’ असा मागायचा. पाऊण तासात हे सारे होते, आणि लहान मुले असतील तर अर्ध्या तासात आटोपावे.

आत्मिक कम्युनियन म्हणजे ख्रिस्तशरीर प्रत्यक्ष स्वीकारता येत नसताना त्याची मनापासून इच्छा धरणे. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांनी यासाठी रचलेली छोटी प्रार्थना बहुतेक प्रार्थनापुस्तकांत सापडते. 2020 साली टाळेबंदीत ती घराघरांत पोहोचली. त्या वर्षी 12 एप्रिलचा ईस्टर महाराष्ट्रातल्या सगळ्याच ख्रिस्ती कुटुंबांनी घरी पाळला. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पडद्यावरची मिस्सा ही सवय तेव्हाचीच. आजारी आणि एकट्या माणसाला तिचा आधार मोठा आहे, पण दोन पथ्ये पाळावीत. प्रक्षेपण शक्यतो थेट असावे, आणि पाहणाऱ्याने उठणे-बसणे, प्रतिसाद देणे, गाणे यांत भाग घ्यावा. मोबाइल ओट्यावर टेकवून कांदा चिरता चिरता पाहिलेली मिस्सा ही पार्श्वसंगीताच्या पलीकडे जात नाही. ज्याला चालत चर्चला जाता येते त्याचे कर्तव्य पडद्याने भागत नाही, हेही सांगायला हवे.

वर्षातील सणांपैकी नाताळ घरी पाळायला सगळ्यांत सोपा, कारण तो निम्मा घरातलाच सण आहे. आगमनकाळाच्या चार रविवारी चार मेणबत्त्यांचे कडे लावायची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. 16 डिसेंबरपासून नऊ दिवसांची नोव्हेना धरावी. गोठ्यासाठी बाजारातले चकचकीत गवत आणण्यापेक्षा नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पसरट ताटलीत माती घालून नाचणी पेरावी. रोज पाणी शिंपडले की 24 तारखेपर्यंत बोटभर हिरवे अंकुर येतात. भाताची झोडणी नुकती झालेली असते, तेव्हा छपराला पेंढाही मिळतो. बाळ येशूची मूर्ती मात्र 24 च्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवू नये. रात्रीच्या मिस्साला जाता येत नसेल तर त्याच वेळी दिवे मालवून लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायातील पहिली वीस वचने वाचावीत, घरातल्या सर्वांत लहान मुलाने मूर्ती ठेवावी, मग गाणी. नेवऱ्या आणि कलकल शेजारी पाठवणे हाही पाळण्याचाच भाग. आगरी-कोळी शेजाऱ्यांकडून दिवाळीचा फराळ आलेला असतो, त्याची ही परतफेड. रात्रपाळीवर असणाऱ्याने डब्याबरोबर तेवढा अध्याय सोबत न्यावा.

प्रकटीकरणाच्या सणाला मत्तयचा दुसरा अध्याय आणि घराच्या आशीर्वादाची प्रार्थना, 2 फेब्रुवारीला प्रभूच्या समर्पणाच्या सणाला हातात पेटती मेणबत्ती घेऊन शिमोनाचे स्तोत्र, एवढे पुरते.

राखेच्या बुधवारी घराबाहेर न पडणाऱ्यांसाठी चर्चमधून आशीर्वादित राख आणता येते. ती कुटुंबातील कोणीही आजाऱ्याच्या कपाळाला लावू शकतो. या दिवशी आणि पवित्र शुक्रवारी उपवास असतो. तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंतच्या लोकांना लागू आहे: एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी. मांसवर्जन चौदा वर्षांपासून पुढे सर्वांना. आजारी, गरोदर आणि अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांनी अट्टहास करू नये. मधुमेही आजोबांनी उपाशी राहून भोवळ आणली तर त्यात पुण्य नाही. उपवासकाळातील शुक्रवारी चौदा स्थानांची क्रुसाची वाट घरातच चालता येते. अंथरुणावरच्या माणसाने हातात छोटा क्रूस धरून ती मनाने चालावी.

खरी कसोटी पवित्र सप्ताहाची. चर्चमधले विधी या आठवड्यात सर्वांत भारदस्त असतात आणि म्हणूनच ते चुकल्याची रुखरुखही मोठी. झावळ्यांच्या रविवारी कोकणात सामग्रीची ददात नाही. नारळाच्या कोवळ्या झावळीतली एक पात घ्यावी, मधला हीर सोलून काढावा. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीची घडी दुसरीभोवती दोनदा आडवी गुंडाळून टोक मागच्या बाजूने खोचले की क्रूस तयार होतो. मुलांना हे पाच मिनिटांत जमते. शेजाऱ्याने चर्चमधून आशीर्वादित झावळी आणली तर ती अल्तारावर खोचून ठेवावी. वर्षानंतर ती टाकून न देता चर्चला परत करावी, तिचीच पुढच्या वर्षी राख होते. त्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचे संपूर्ण वाचन असते. निवेदक, येशू आणि इतर पात्रे अशी वाटणी करून ते वाचले तर लांब वाटत नाही.

गुरुवारी संध्याकाळी योहानच्या तेराव्या अध्यायातील पाय धुण्याचा प्रसंग वाचावा. घागरभर कोमट पाणी, एक पसरट भांडे आणि पंचा घेऊन घरातल्या कर्त्याने धाकट्यांचे आणि म्हाताऱ्यांचे पाय धुवावेत. सूज आलेल्या, भेगाळलेल्या पायांची निगा राखणारी सून रोज हेच करत असते. त्या दिवशी ते काम तिच्याकडून मुलाने घ्यावे, हे उत्तम. बंदर आणि उद्योगांमुळे या भागात केरळची कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यात संत थॉमसच्या परंपरेतील घरांमध्ये या रात्री पेसाहाचा विधी होतो: तांदूळ व उडदाची बिनआंबवलेली अप्पम, त्यावर झावळीचा क्रूस, सोबत गूळ आणि नारळाचे दूध. घरचा कर्ता प्रार्थना करून ती मोडतो आणि वयाच्या क्रमाने सर्वांना देतो. वर्षभरात मृत्यू झालेल्या घरी अप्पम करत नाहीत, शेजारी आणून देतात. चर्चवर अवलंबून नसलेला इतका पूर्ण घरगुती विधी भारतीय ख्रिस्ती समाजात क्वचितच दुसरा असेल.

पवित्र शुक्रवारी जगात कुठेही मिस्सा होत नाही. त्यामुळे घरी असणाऱ्याचे या दिवशी तुलनेने सर्वांत कमी हुकते. दुपारी तीनला, येशूच्या मरणाच्या वेळी, घरातली कामे थांबवावीत. अल्तारावरचे कापड, फुले आणि दिवे आधीच काढून ठेवावेत. योहानचे अठरा आणि एकोणीस हे अध्याय वाचावेत. प्राण सोडल्याचे वाक्य आले की सर्वांनी गुडघे टेकून गप्प राहावे. मग चर्चमध्ये होतात तशा दहा मागण्या: चर्चसाठी, पोपसाठी, धर्मसेवकांसह सर्व भाविकांसाठी, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, ख्रिस्ती ऐक्यासाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्तावर आणि देवावर विश्वास नसणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आणि संकटात असलेल्यांसाठी. शेवटच्या मागणीत समुद्रावर असलेल्यांची नावे घ्यायला उरणमध्ये कोणाला सुचवावे लागत नाही. मग एकेकाने क्रुसाचे चुंबन घ्यावे. जेवण पेज आणि चटणीचे.

ईस्टरच्या रात्रीसाठी वर्षभर जपून ठेवलेली एक वस्तू बाहेर काढावी: बाप्तिस्म्याची मेणबत्ती. ती चर्चमधल्या पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरूनच पेटवलेली असते आणि बहुतेक घरांत कपाटाच्या खणात फोटोंखाली पडून राहते. अंधार पडल्यावर घरातले सगळे दिवे बंद करून ती पेटवावी आणि तिच्यावरून इतरांच्या. चर्चमध्ये या रात्री जुन्या करारातील सात आणि नव्या करारातील दोन अशी नऊ वाचने असतात. घरी उत्पत्तीमधील सृष्टीची कथा, निर्गमच्या चौदाव्या अध्यायातले समुद्र ओलांडणे आणि पुनरुत्थानाचे शुभवर्तमान, ही तीन ठेवावीत. निर्गमचे वाचन चर्चमध्येही कधी गाळले जात नाही. त्यानंतर बाप्तिस्म्याची वचने पुन्हा म्हणावीत. पवित्र पाणी आधीच चर्चमधून बाटलीत आणून ठेवलेले असावे. रंगवलेली अंडी आणि गोडधोड पहाटे.

पावसाळ्यातला मोठा सण 15 ऑगस्टचा, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असल्याने वेळ मिळतो, पण पाऊस आणि बंद लाँच आडवे येतात. लूकच्या पहिल्या अध्यायातील मरियेची अलिशिबेला भेट व तिचे स्तुतिगीत, आणि रोझरी, एवढ्यावर हा दिवस सुंदर साजरा होतो. 8 सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मसणाला वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा चुकली तरी आधीची नऊ दिवसांची नोव्हेना घरी चुकू नये. नोव्हेंबरच्या 2 तारखेला मृतांचे स्मरण. कबरीवर जाता येत नसेल तर कुटुंबातील मृतांची नावे, आठवतील तेवढ्या मागच्या पिढ्यांची, वहीत लिहून ती मोठ्याने वाचावीत. वही जपून ठेवावी. म्हातारी माणसे गेली की ही नावे सांगणारे कोणी उरत नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत सक्तीच्या सणांची कल्पना नाही आणि कौटुंबिक उपासना हा त्यांच्या जीवनाचा जुना भाग आहे. मराठी प्रोटेस्टंट घरांत ‘उपासना संगीता’तील गीते, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ, आणि शास्त्रवाचन यांवर सण सहज पाळला जातो. घरी प्रभुभोजन चालते की नाही, याबाबत मंडळीगणिक मत वेगळे आहे. ते पाळकांना विचारूनच ठरवावे. एकट्या राहणाऱ्या माणसाने, मग तो कोणत्याही मंडळीचा असो, प्रार्थना मोठ्या आवाजात म्हणावी. मनातल्या मनात म्हटलेली प्रार्थना एकटेपणात लवकर विरते. शेजारी आणखी एखादे कुटुंब अडकलेले असेल तर दोघांनी मिळून पाळणे अधिक चांगले. कलम 1248 मध्येही काही कुटुंबांनी एकत्र येण्याची सूचना आहेच.

आजाऱ्यांना कम्युनियन घरी मिळू शकते. त्यासाठी पॅरिश कार्यालयात नाव नोंदवावे. फादर किंवा त्यांनी नेमलेले सेवक ठरलेल्या दिवशी येतात. त्या वेळी टेबलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला तयार असावा. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही, तेव्हा औषधाची गोळी किंवा चहा घेतला म्हणून आलेल्या सेवकाला परत पाठवू नये. पापनिवेदन करायचे असेल तर ते आधी कळवावे, म्हणजे स्वतः फादर येतील. वर्षातून किमान एकदा, ईस्टरकाळात, कम्युनियन स्वीकारावे असा नियम आहे. पण ईस्टरकाळ एका रविवारी संपत नाही, तो पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो, आणि योग्य कारण असेल तर ते वर्षात इतर वेळीही घेता येते. म्हणून ईस्टर हुकलेल्या आजाऱ्याचे नाव त्याच आठवड्यात कार्यालयात द्यावे.